दुपारी उलट्या, संध्याकाळी सुलट्या

८ नोव्हेंबर १९५४, सोमवार

आला एकदाचा! चार माणसांनी उचलून आणला. दारातून आत येईना. आधी आडवा, मग तिरका, शेवटी माझी तुळशीची कुंडी सरकवून घेतला आत. डबल बेस म्हणतात ह्याला. व्हायोलिनच, पण माझ्याहून हातभर उंच. गोरे साहेब अंबरनाथ सोडून गेले तेव्हा कारखान्याच्या क्लबात टाकून गेले. तिथे वाळवी लागेल म्हणून ह्यांनी तो क्वार्टरवर मागून घेतला. २६ जानेवारीला क्लबाचं संमेलन आहे, त्यात हे वाजवणार! क्लबाच्या बँडात आपल्यातलं आजवर कोणी उभं राहिलेलं नाही, हे मला चार वेळा सांगून झालं.

"तू हात लावू नकोस हं, नाजूक असतं" — हे पाच वेळा.

शेजारच्या कुंदाताई डोकावून गेल्या. "कपाट घेतलंत? आरसा कुठाय त्याचा?"

११ नोव्हेंबर, गुरुवार

बँडचे डिसा मास्तर कल्याणहून शिकवायला आले. दर गुरुवारी येणार. स्वतः ट्रम्पेटवाले, पण बँडातलं सगळं थोडंथोडं येतं. मी स्वयंपाकघरात चहा गाळत ऐकत होते. डाव्या हाताने वर मानेवर तारा दाबायच्या, उजव्याने खाली छेडायच्या. चार तारा — आतड्याच्या म्हणे! आणि आम्ही तो देवघराच्या भिंतीला टेकवलाय. सासूबाईंना पत्रात हे लिहायचं नाही.

ह्यांच्या हातून नुसतं ठप्प ठप्प. "गिनती करो मॅन, कर्णिक! वन टू थ्री फोर!" आत माझा पाय बरोबर पडत होता. एकदासुद्धा चुकला नाही. चहा मात्र उतू गेला.

१५ नोव्हेंबर, सोमवार

हे जेवून दीडला परत कामावर गेले आणि मी हात लावला.

जाड तार छेडली. घुमलं — माझ्या पोटात! फरशीसुद्धा थरथरली. घाबरून बाजूला झाले, दाराला कडी घालून आले, पुन्हा छेडली.

पण माझे हात उलटे पडतात. मी डावरी. लिहिते-जेवते उजव्याने, कारण माझ्या वडिलांनी, आण्णांनी, चौथ्या वर्षी माझा डावा हात परकराच्या नाडीला बांधला तो शाळेत नाव घालीपर्यंत सोडला नाही. बदलापूरच्या घरात सगळे हसायचे. आता हळदीकुंकू, वाढणं, देणं-घेणं सगळं उजव्याने, चुकतही नाही. पण ह्याच्यापुढे उभी राहिले की डावा हात आपणहून खाली तारांवर जातो नि उजवा वर मानेवर. मग जाड तार हवी तिथे बारीक येते. चीड येते नुसती. आण्णांची, तारांची, सगळ्यांची.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

ठरवलं. तारा उलट्या लावायच्या, वाजवायचं, हे यायच्या आत सुलट्या करून ठेवायच्या. दीड ते साडेचार — तीन तास माझे!

चारही तारा सैल केल्या. ज्या लाकडी फळीवर त्या टेकतात ती घोडी लगेच हातात आली. तिची एक बाजू उंच, एक ठेंगणी. तीही फिरवली. तेवढ्यात आत टक् झालं. हलवून पाहते तर खुळखुळतंय! बेस आडवा केला, कुशीवर वळवला, अर्ध्या तासाने पोटावरच्या फटीतून काढलं एकदाचं. वीतभर लाकडी काठी, अंगठ्याएवढी जाड. चिकटवल्याची खूण नाही, खिळा नाही. कोण्या सुताराने विसरलेला तुकडा! बंबात टाकला, आंघोळीच्या पाण्याला तेवढाच जाळ.

वर मानेच्या टोकाला जाड तार बारीक तारेच्या खाचेत बसेना. ह्यांच्या पेटीतली कानस काढली नि खाच मोठी केली. ह्या सगळ्यात अडीच तास गेले. वाजवायला मिळाली दहा मिनिटं.

दहा मिनिटं! काल डिसा मास्तरांनी ह्यांना शिकवलेलं ते तीन ठोक्यांचं नाचाचं वॉल्ट्झ मला अथपासून इतिपर्यंत येतंय. न शिकता.

२५ नोव्हेंबर, गुरुवार

"कर्णिक, बेस को सर्दी हुआ क्या?" डिसा मास्तर. खरंच आवाज बसलाय. मोठ्या केलेल्या खाचेत बारीक तार झणझणते ती वेगळीच. ह्यांनी ठामपणे सांगितलं, "थंडी पडली ना मास्तर. लाकूड आकसतं. सूरही रोज उतरलेला असतो."

सूर रोज उतरलेला असतो! मी बशीत चिवडा घालत होते, अर्धा खाली सांडला. हसू दाबून दाबून पोट दुखलं. नंतर मात्र भीती वाटली. मास्तरांनी बेसच्या पोटावर हात फिरवला आणि म्हणाले, "इधर अंदर गया है, मॅन."

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

कुंदाताई आल्या आणि थेट म्हणाल्या, "मालिनी, दुपारी तुझ्याकडे गिरणी चालते का गं? माझी कपबशी फडताळात नाचते."

सांगून टाकलं सगळं. कोणाला तरी सांगायचंच होतं. त्या आधी हसल्या, मग बेसच्या खचलेल्या पोटाकडे बघून हसायच्या थांबल्या. उल्हासनगरच्या कॅम्पात टोपणदास म्हणून एक सिंधी आहे, म्हणाल्या. बरॅकीत बसून हार्मोनियम, व्हायोलिनं दुरुस्त करतो. कराचीला मोठं दुकान होतं त्याचं.

"पण हे घरात नसताना परका माणूस —"

"मी बसते की मटार सोलत."

१ डिसेंबर, बुधवार

टोपणदास सायकलवरून आला. साठीचा, पांढऱ्या मिशांचा. कुंदाताई दारात मटाराची टोपली घेऊन, पहारेकऱ्यासारख्या. त्याने फटीतून आत आरसा घालून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"अंदर का डंडा किधर है, बेटी?"

"कसला डंडा?"

मग समजावून सांगितलं. पुढची फळी नि मागची फळी ह्यांच्यामध्ये एक काठी उभी असते. गोंद नाही, खिळा नाही, तारांच्या दाबाने उभी राहते. तीच पोट पेलते, तीच आवाज मागे नेते. चारही तारा एकदम सैल केल्या की ती पडते. म्हणून कधीही दोन ताणलेल्या ठेवायच्या नि दोन बदलायच्या.

"तो किधर है?"

मी बंबाकडे पाहिलं. कुंदाताईच म्हणाल्या, "जलाया. नहाने का पानी गरम किया."

म्हातारा खालीच बसला. मला वाटलं आता ओरडतो. पण इतका हसला, इतका हसला की मिशा पुसायला लागल्या. म्हणे पाण्यात बुडालेले बाजे पाहिले, उंदरांनी खाल्लेले पाहिले, बाज्याच्या डंड्याने आंघोळ केलेली बाई पहिल्यांदाच पाहिली!

देवदाराची नवी काठी तासली, वाकवलेल्या सळईने फटीतून आत उभी केली. तासभर लागला. खाचेसाठीही काढता-घालता येणारी लाकडाची चकती करून दिली. तारा ताणल्या नि छेडली — घुमला! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

जाताना दारात थांबला. "देख बेटी, बाजा एक हाथ का होता है. रोज उलटा-सीधा करेगी तो एक दिन गर्दन जाएगी. या इसका बनाओ, या उसका." आणि खऱ्या अर्थाने डावा करायचा तर पोट उघडून जाड तारेखालची आतली पट्टीही दुसऱ्या बाजूला न्यावी लागते, म्हणाला. तोवर आवाज थोडा दबलेलाच राहणार.

मला विचारलं नाही तू का वाजवतेस म्हणून. मी काही केलं तर 'का' न विचारणारा एवढ्या वर्षांत हा पहिलाच.

१३ डिसेंबर, सोमवार

बावीस मिनिटांत उलट्या, बावीस मिनिटांत सुलट्या. बोटांना घट्टे पडलेत. ह्यांनी विचारलं तर खोबरं खवताना, असं सांगायचं ठरवलंय. विचारलंच नाही!

२३ डिसेंबर, गुरुवार

मास्तर आज चिडले. ह्यांची लय दर तिसऱ्या ओळीला सुटते. हे घाबरतात. पुढे काय येणार ह्याच्या काळजीत आत्ताचं चुकतं. मला आतून दिसत होतं, नव्हे ऐकू येत होतं, नेमकं कुठे सुटतंय ते. खांदा ताठ करतात. तो सोडला की झालं!

सांगू? कोणत्या तोंडाने सांगू?

मास्तर गेल्यावर हे बेसला धरून नुसते उभे होते. "जमेल ना गं?" मी म्हटलं, "न जमायला काय झालं?" एवढंच म्हटलं. दळभद्री मी.

७ जानेवारी १९५५, शुक्रवार

घरात लक्ष नाही. आमटीत दोनदा मीठ. सकाळपासून दीड वाजायची वाट बघायची, दीडनंतर घड्याळाची धास्ती. सुलट्या करताना दर वेळी वाटतं, माझी वस्तू कोणाला तरी परत करतेय. मला हा बेस हवाय. सव्वीसनंतर तो क्लबात परत जाणार आणि मग मी काय करू? पापड लाटू?

१४ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत. कालची शिकवणी आज झाली. डिसा मास्तरांना तिळगूळ दिला आणि हात चुकला! डाव्या हाताने दिला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मास्तरांना काय कळतंय, त्यांनी खाल्ला. ह्यांनी मात्र माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

२० जानेवारी, गुरुवार

मास्तरांनी स्पष्ट सांगितलं: "कर्णिक, नहीं जमता तो बोलो. बिना बेस करेंगे." हे म्हणाले, "जमेल." मान वर न करता. कारखान्यात सगळ्यांना सांगून बसलेत. जनरल मॅनेजर येणार, त्यांच्या बाई येणार. रात्रीचं जेवण गेलं नाही त्यांना. मला वाईट वाटतंय, खूप वाटतंय, आणि तरी उद्या दीड वाजता मी तारा उलट्या करणार आहे.

२५ जानेवारी, मंगळवार

उद्या. हे सकाळपासूनच क्लबात असतील, झेंडावंदन, मग स्टेजची बांधाबांध. बेस न्यायला क्लबाचा शिपाई हरिचंद्र चार वाजता हातगाडी घेऊन येईल. म्हणजे सकाळभर घर माझं. शेवटचा दिवस! पोटभर वाजवून घेणार.

२७ जानेवारी, गुरुवार

काल लिहवलं नाही. आज लिहिते. मनात ठेवलं तर वेड लागेल.

साडेअकरापर्यंत वाजवलं. अंगात वारं शिरल्यासारखं. दार वाजलं ते आधी कळलंच नाही. कडी काढते तर हरिचंद्र, बरोबर तिघेजण, खाली हातगाडी. "वैनी, सायबांनी आताच आनायला सांगितलंय. दुपारी गाडी सामानाला लागनार."

"अरे, चार म्हणाले होते ना —"

"आता बोलवलंय, वैनी."

मी म्हणू शकत होते, थांब. म्हणू शकत होते, अर्ध्या तासाने ये. चौघांसमोर काय सांगणार, साहेबांचा बाजा मी उलटा लावलाय म्हणून? त्यांनी उचलला आणि गेले. तारा उलट्या!

साडेपाचला कुंदाताईंबरोबर क्लबावर गेले ते ह्यांना गाठून सांगायचं ठरवूनच. हे स्टेजच्या बाजूला उभे होते, कोट घातलेला, भोवती सगळे साहेब. हसत होते. मी दहा पावलांवर थांबले आणि परत फिरले. सूर लावताना दिसेलच, बदलतील, असं मनाला सांगितलं. आम्ही मागे बायकांत जाऊन बसलो.

स्वागतगीत सुरू झालं. ट्रम्पेट, व्हायोलिनं, सगळं ठीक. मग ह्यांनी छेडलं. जिथे घुमायचं तिथे किरकिरलं. पुन्हा छेडलं. पुन्हा तेच. पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं, मग मॅनेजरच्या बाई हसल्या, मग काय! ह्यांनी छेडणं सोडलं. गाणं संपेपर्यंत तसेच बेसला धरून उभे. मास्तर वाजवत राहिले, मान लाल. बिचाऱ्यांना तारा बदलायला वेळच मिळाला नसणार. मला तिथेच जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं.

घरी येताना हे चार पावलं पुढे चालत होते.

२८ जानेवारी, शुक्रवार

आणखीच वाईट झालं! क्लबाच्या सेक्रेटरी साहेबांनी ठरवलं की तारा कोणीतरी मुद्दाम उलट्या लावल्या. दुपारपासून बेस हरिचंद्रच्या ताब्यात होता, म्हणजे त्यानेच. कामावरून काढणार आहेत त्याला. सोमवारपासून.

सकाळी सातला त्याची बायको राजाबाई दारात. शिरगावहून चालत आलेली. आत ये म्हटलं तर उंबऱ्याबाहेरच बसली. "बाय, माझा मानूस तारेला हात लावनारा न्हाय गो. त्याला काय कळतंय त्यातलं? तुमच्या सायबांना सांगा ना." आणि रडायला लागली. हे आत दाढी करत होते. सगळं ऐकू जात होतं. वस्तरा थांबला नाही.

संध्याकाळी हे आले, चहा दिला आणि उभ्या उभ्या सांगितलं. सगळं. नोव्हेंबरपासून. काठी, बंब, टोपणदास, दुपारचे तीन तास. डावा हात. "हरिचंद्रने नाही, मी. मला माहेरी पाठवायचं तर पाठवा, पण त्याचं काम घालवू नका."

ह्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बरं."

बरं! एवढंच.

२९ जानेवारी, शनिवार

हे सेक्रेटरी साहेबांना जाऊन भेटले. "तारा मीच नव्याने लावल्या आणि चुकल्या," असं ह्यांनी सांगितलं म्हणे. कुंदाताईंच्या यजमानांकडून कळलं, ह्यांनी नाही सांगितलं. हरिचंद्रचं काम राहिलं. ह्यांचं बँडातलं नाव गेलं. माझं नाव मध्ये आलंच नाही. एवढं चांगलं वागतात आणि मी काय केलं ह्यांच्याशी!

क्लबाला नको झालेला बेस हातगाडीवरून परत आलाय. भिंतीला उभा. तारा अजून तशाच. आम्ही दोघेही त्याच्याकडे पाहत नाही.

१ फेब्रुवारी, मंगळवार

कारखान्यात ह्यांना "उलटे साहेब" म्हणतात. कुंदाताईंनी सांगितलं, नसतं सांगितलं तर बरं होतं. जेवतात, झोपतात, जातात, येतात. माझ्याशी बोलणं मोजकं. काल दिवा लावताना हात जोडून म्हटलं, पुन्हा त्या तारांना हात लावणार नाही. टोपणदासला निरोप पाठवायचा, येऊन तारा सुलट्या करून जा. मी शिवणार नाही.

३ फेब्रुवारी, गुरुवार

आज मास्तर आले नाहीत. कधीच येणार नाहीत.

६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी हे आपणहून समोर येऊन बसले. "एक सांगायचं राहिलंय." त्या दिवशी बेस क्लबात पोचला, वरची चादर काढली, तेव्हाच दिसलं त्यांना, तारा उलट्या आहेत. दुपारी बारा वाजता! संध्याकाळपर्यंत सहा तास होते. दोनदा बदलायला हात घातला आणि दोनदा काढला. सुलट्या असत्या तरी येणार नव्हतंच मला, म्हणाले. दोष तारांवर गेला तर बरं, असं वाटलं.

म्हणजे राजाबाई उंबऱ्याशी रडत होती तेव्हा माहीत होतं. मी दिव्यापुढे हात जोडले तेव्हा माहीत होतं. नऊ दिवस!

मी उठले. तसाच, उलट्या तारांचा बेस भिंतीपासून ओढला आणि त्यांच्यासमोर वाजवायला उभी राहिले. दुपारचे दोन वाजलेत, अजून चूल पेटवलेली नाही. जेवायचं काय ते त्यांनी बघावं.